ट्रेंचमध्ये नुसते खड्डेच लागतायत, कॅम्प सोडून घरी जाऊ का?

पत्र:

"ताई, मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय पुरातत्त्व. सध्या डिपार्टमेंटच्या उत्खननावर आलेय, मराठवाड्यातल्या एका गावाबाहेरच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर. दीड महिन्याचा कॅम्प आहे, अजून निम्माही झाला नाही आणि मला रोज रडू येतंय. सकाळी ट्रेंच, म्हणजे खोदकामाचा आखलेला चौकोन, दुपारनंतर पॉटरी यार्डात बसून खापऱ्या घासायच्या, संध्याकाळी वही लिहायची. शेजारच्या ट्रेंचमध्ये माझ्या मैत्रिणीला मातीचा छोटासा बैल मिळाला, सगळे बघायला धावले, सरांनी तिचं कौतुक केलं. माझ्या ट्रेंचमध्ये नुसते खड्डे आणि खापऱ्या. त्यात सरांनी माझी वही लाल पेनाने भरून परत दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की यातून मला काहीच कळत नाही. आमच्या ट्रेंचवर गावातल्या एक मावशी कामाला येतात, शाळा चौथीपर्यंत, पण माती बदलली की त्यांना माझ्याआधी कळतं, त्याची तर मला लाजच वाटते. घरी फोन केला तर आई म्हणते मातीच उपसायची होती तर एवढं शिकवलं कशाला, ये परत आणि एमपीएससीचा क्लास लाव. ताई, मला हे जमणारच नाहीये का? परत जाऊ का?"
— ट्रेंचमधली एक

उत्तर:

अगं, आधी उत्तर सांगून टाकते, मग बाकीचं बोलू. घरी जाऊ नकोस, कॅम्प पूर्ण कर. आणि हे मी नुसता धीर द्यायला म्हणत नाहीये. तू पत्रात तक्रार म्हणून ज्या चार गोष्टी लिहिल्यायस ना, खड्डे, खापऱ्या, लाल पेन आणि मावशी, त्याच चार गोष्टींसाठी एक्स्कॅव्हेशनला जायचं असतं. बैलासाठी नाही. मी पण विद्यार्थी असताना ट्रेंचमध्ये उकिडवी बसून दिवस काढलेत, त्यानंतर कितीतरी पोरापोरींना पहिल्या कॅम्पला जाताना आणि परत येताना बघितलंय, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडू येणं हे इतकं कॉमन आहे की त्यावरून कुणाला हे जमणार आणि कुणाला नाही हे अजिबात ठरत नाही. त्या वेळेला नवलाई संपलेली असते, पाठ-कंबर धरलेली असते, घरचं जेवण आठवत असतं आणि साइट अजून उलगडायला लागलेली नसते. म्हणून नेमकं तेव्हाच सोडून जावंसं वाटतं.

आधी बैलाचं बोलते, कारण मला वाटतं खरी सल तिथे आहे. तुझ्या मैत्रिणीला बैल मिळाला यात तिचा वाटा एवढाच की तो तिच्या ट्रेंचमध्ये होता. तिची परीक्षा त्याच्या नंतरच्या दहा मिनिटांत होती. बैल दिसल्याबरोबर उपटून हातात घेतला, की जागच्या जागी ठेवून थर कुठला, खोली किती, ट्रेंचच्या दोन बाजूंपासून अंतर किती हे आधी मोजलं, फोटो काढला, मगच उचलला? तिने हे केलं असेल तर कौतुक त्याचं व्हायला पाहिजे, आणि ते तुझ्या ट्रेंचमधल्या फुटक्या खापरीच्या बाबतीतही तेवढंच करता येतं.

दायमाबाद तुला वर्गात शिकवलं असेलच, पण जरा या बाजूने बघ. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ मध्ये गावातल्या एका माणसाला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या, बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा असलेला माणूस, शिवाय हत्ती, गेंडा आणि म्हैस, सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोच्या वर. इतकं देखणं काम की आजही फोटो बघितला तरी थांबून बघत राहावं असं. पण त्या वस्तू कुणा पुरातत्त्वज्ञाच्या ट्रेंचमधून, थराच्या नोंदीसकट वर आल्या नाहीत, आणि म्हणून त्या नेमक्या कुठल्या काळातल्या यावर अभ्यासकांचं एकमत होत नाही. म. के. ढवळीकरांनी त्या उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या मानल्या, डी. पी. अग्रवालांनी धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण बघून त्या इतक्या जुन्या असतील का अशी शंका घेतली. नंतर एस. ए. साळींनी तिथे १९७५ ते १९७९ उत्खनन केलं तरी प्रश्न पूर्ण मिटला नाही. आता विचार कर, चार अप्रतिम वस्तू आणि थर पक्का नाही, तर त्यांच्यावरून किती बोलता येतं? आणि तुझ्याकडे साधी खापरी आहे पण थर पक्का आहे, तर किती बोलता येतं? माझं मत विचारशील तर मी दुसऱ्या बाजूची.

आता खड्डे. "नुसते खड्डे" असं तू लिहिलंस ते वाचून मी खरं तर खूश झाले, तुझ्या सरांनाही बहुतेक तो ट्रेंच त्यामुळेच आवडत असणार. लोक जिथे राहतात तिथे खणतात. खांब रोवायला खणतात, धान्य साठवायला खणतात, कचरा टाकायला खणतात, मेलेलं माणूस पुरायला खणतात, आणि नंतर आलेले लोक आधीच्यांच्या भिंतीतले दगड-विटा काढून न्यायला पण खणतात. म्हणजे तुझ्या ट्रेंचमध्ये माणसं येऊन काहीतरी करून गेलीत. त्यांनी काय केलं हे शोधायचं काम तुझं आहे. खड्डा लागला की पहिला प्रश्न आत काय आहे हा नसतो, तो कुठून खणलाय हा असतो. त्याचं तोंड कुठल्या थरात आहे, तो कुठले थर कापत खाली गेलाय आणि त्याच्या वर कुठल्या थराने झाकण घातलंय, एवढं कळलं की खड्ड्याचं वय कळलं. आणि आतली माती आधी, वेगळी काढायची, पिशवी वेगळी, लेबल वेगळं, कारण खड्डा नेहमी तो ज्या थरात घुसलाय त्या थरापेक्षा नवा असतो, आणि आतला माल बाजूच्या थरात मिसळला तर सातवाहन काळातली खापरी त्याच्याही हजार वर्षं आधीच्या थरातली म्हणून नोंदली जाईल आणि पुढचे सगळे त्यावर विश्वास ठेवतील.

इनामगावचं काम आठव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं सीझनमागून सीझन काम केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी, आणि त्यांच्याबरोबर विद्यार्थ्यांच्या किती बॅचेस. शंभराहून जास्त घरं उघडली गेली. आधीच्या जोर्वे काळात (जोर्वे म्हणजे लोखंड यायच्या आधीची आपल्याकडची शेतकरी संस्कृती) चौकोनी, ऐसपैस घरं आणि नंतरच्या काळात, साधारण इसवी सनपूर्व १००० नंतर, छोट्या गोल झोपड्या. आता गोल झोपडी कशावरून कळते? भिंत तर उरलेली नसते. जमिनीत गोलाकार ओळीने खांबांचे लहान लहान खड्डे दिसतात, एवढंच. त्याच्या जोडीला भांडी खरबरीत होत गेली, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली, आणि हे सगळं मिळून ढवळीकरांनी मांडलं की पाऊसमान कमी होत गेलं, शेती परवडेना, लोक हळूहळू मेंढरं-गुरं घेऊन हिंडायला लागले. पटो न पटो, त्यावर वाद घालता येतो, पण वाद घालायला जो पुरावा लागतो तो कुठून आला ते बघ. खड्डे, खापऱ्या, हाडं, जळकं धान्य. ज्या पोरांनी ते खड्डे नीट नोंदवले त्यांच्यातल्या कुणालाही त्या दिवशी असं वाटलं नसेल की आपण मराठी मुलखातल्या एका दुष्काळाची गोष्ट लिहितोय.

पॉटरी यार्डाबद्दल तुझा कंटाळा मला समजतो. दुपारचं ऊन, बादलीतलं गढूळ पाणी, हातात नायलॉनचा ब्रश आणि समोर खापऱ्यांचा ढीग जो संपतच नाही. पण हात चालू असताना डोळे पण चालू ठेव. खापरी उचललीस की आधी तुटलेली कड बघ, आतला रंग बाहेरच्यासारखाच आहे का मध्ये काळी रेघ आहे, म्हणजे भट्टी कशी लागली होती ते कळतं. बोटाने टिचकी मार. नीट भाजलेल्या जोर्वे भांड्याची खापरी धातूसारखी खणकन वाजते, लाल अंगावर काळ्या रेघांची नक्षी आणि नळीसारखी तोटी. एकदा तो आवाज कानात बसला की ढिगातून ती खापरी तू डोळे मिटून बाजूला काढशील. आतल्या बाजूला बोटांच्या गोल रेघा दिसतात का बघ, म्हणजे चाकावर केलंय. रंगवलेल्या खापरीवर जोर काढू नकोस, रंग जातो. वाळवताना प्रत्येक थराचं लेबल त्याच्याच ट्रेमध्ये दगडाखाली ठेव, वारा आला आणि लेबल उडालं तर ती खापरी रस्त्यावरच्या खापरीसारखी झाली, तिला कुणी विचारत नाही. म्हणून पिशवीत एक लेबल आत आणि एक बाहेर, आणि जेल पेन वापरू नकोस, ओल लागली की शाई पसरते, पेन्सिलने लिही.

आणि सरांना विचारून काही भांडी मुद्दाम न धुता बाजूला ठेवतात का तेही बघ. हरियाणात फरमाणा नावाची हडप्पा काळातली वस्ती आहे, तिथलं उत्खनन पण डेक्कन कॉलेजच्या लोकांनी जपानी टीमबरोबर केलं. तिथल्या भांड्यांना चिकटून राहिलेल्या आणि पुरलेल्या माणसांच्या दातांवरच्या सूक्ष्म कणांमधून हळद आणि आल्याचे पुरावे मिळाले. चार हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकातली हळद! कुणीतरी ती भांडी घासूनपुसून लख्ख केली असती तर ती हळद बादलीच्या पाण्यात गेली असती. धुवायचं कधी आणि थांबायचं कधी हे कळणं हे यार्डातलं शिक्षण आहे आणि ते पुस्तकात वाचून येत नाही, हाताला सवय लागावी लागते.

वहीचं आता. सरांनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे मी स्पष्टच सांगते. वही एकटीला बोलावून दाखवता आली असती. पण लाल पेनाकडे दुसऱ्या नजरेने बघ. एवढ्या धावपळीत त्यांनी तुझी वही ओळ न ओळ वाचलीये. तू काय लिहिलं असशील याचा मला अंदाज आहे, पहिल्या कॅम्पला सगळे असंच लिहितात: "आज ट्रेंचमध्ये दहा सेंमी खोदले. भरपूर खापरे मिळाली. एक मोठा खड्डा मिळाला. माती काळी होती." आता हेच असं लिहून बघ: "थर ४. करडी माती, भुसभुशीत, राखेचे पातळ पट्टे, कोळशाचे बारीक कण, चुनखडीचे खडे तुरळक. ईशान्य कोपऱ्यात जाडी २२ सेंमी, पश्चिमेला पातळ होत जातो आणि ट्रेंचच्या मध्यावर संपतो. खड्डा २: तोंड थर ३ च्या खाली, थर ४ आणि ५ कापतो, व्यास सुमारे ९० सेंमी, आतली माती थरापेक्षा गडद आणि मऊ, हाडं जास्त, खापऱ्या कमी. दक्षिणेची कड स्पष्ट नाही, उद्या सकाळी पाणी मारून परत बघायची." दिसतोय फरक? दुसरी नोंद वाचून जो माणूस कधी साइटवर आलाच नाही त्यालाही ट्रेंच डोळ्यापुढे उभा करता येतो. आणि शेवटचं वाक्य बघ, जिथे शंका आहे तिथे शंका लिहिलीय. ते लपवायचं नाही, उलट सर खूश होतील.

हॉस्पिटलातला केस पेपर कसा असतो, ड्युटी बदलली तरी पुढच्या डॉक्टरला सगळं कळायला पाहिजे, तशी ही वही. फक्त इथे एक गोष्ट जास्त कठीण आहे, पेशंट परत तपासता येत नाही. आपण उकरलं की तो थर गेला, परत तसाच भरून ठेवता येत नाही. इनामगावचं खोदकाम १९८३ ला संपलं, सविस्तर अहवाल आला १९८८ ला. मधली वर्षं लोक कशावर काम करत होते? वह्यांवर, ड्रॉइंगवर, पिशव्यांवरच्या लेबलांवर. त्यामुळे वही त्याच दिवशी लिही, ट्रेंचच्या काठावर बसून, स्केच काढून. रात्री जेवण झाल्यावर आठवून लिहिलेल्या नोंदीत नेमकी जी गोष्ट महत्त्वाची तीच निसटलेली असते.

आणि रोज सकाळी एक काम कर. मजूर यायच्या आत सेक्शनसमोर, म्हणजे ट्रेंचच्या उभ्या कापलेल्या बाजूसमोर, जाऊन उभी राहा. सकाळी माती थोडी दमट असते, ऊन तिरपं असतं, थरांचे रंग जेवढे तेव्हा दिसतात तेवढे दुपारी बारा वाजता अजिबात दिसत नाहीत, सगळं एकसारखं पांढुरकं दिसतं. थापीने वरचा पातळ पापुद्रा खरवडून काढ, स्प्रेने बारीक पाणी मार, दोन पावलं मागे ये आणि नुसती बघ. पहिल्या दिवशी तुला दोन थर दिसतील, चार दिवसांनी पाच दिसतील, थर तेवढेच असतात, डोळे तयार होतात. मग सुतळी लाव, ओळंबा सोड, टेप धर, एकीने आकडे सांगायचे आणि दुसरीने ग्राफ पेपरवर टिंबं घालायची, १:२० स्केलला. हे काम सरांकडे मागून घे. सेक्शन ड्रॉइंग करताना जेवढा ट्रेंच कळतो तेवढा खणताना कळत नाही, हा माझा अनुभव आहे.

तू ज्या चौकोनी ट्रेंचमध्ये बसलीयेस आणि ज्या बाल्कवर, म्हणजे दोन ट्रेंचमध्ये न खणता ठेवलेल्या पट्टीवर, पाय ठेवला की ओरडा बसतो, ती शिस्त आपल्याकडे रुजवली मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने. १९४४ मध्ये तो भारतीय पुरातत्त्व खात्याचा प्रमुख म्हणून आला आणि त्याच वर्षी तक्षशिलेला त्याने तरुण पोरांना गोळा करून ट्रेनिंग स्कूल चालवलं. बी. बी. लाल, बी. के. थापर ही नावं तू वाचतेस ना, ते तिथे विद्यार्थी म्हणून होते. त्याच्याही आधी आपले सांकलिया लंडनला पीएच.डी. करत असताना इंग्लंडमध्ये मेडन कॅसलच्या उत्खननावर व्हीलरच्या हाताखाली काम शिकून आले होते, १९३९ ला डेक्कन कॉलेजमध्ये आले आणि पुढे जोर्वे, नेवासे, इनामगाव इथल्या उत्खननांचं काम उभं राहिलं. म्हणजे विद्यार्थी म्हणून परक्या गावात जाऊन ट्रेंचमध्ये बसणं ही या विषयातली अगदी मुळातली गोष्ट आहे, तुझ्यावर काही वेगळा प्रसंग आलेला नाही.

आता मावशी. लाज वाटते असं लिहिलंयस, ती काढून टाक मनातून. त्यांचं आख्खं आयुष्य मातीत गेलंय. पेरणी, खुरपणी, घर सारवणं, चूल घालणं. कुदळ पोकळ मातीवर पडली की आवाज बदलतो आणि हाताला बसणारा दणका पण बदलतो, सारवलेली जमीन लागली की पापुद्रा सुटतो, हे त्यांच्या अंगात आहे. मी ज्या साइटवर शिकले तिथे एक आजोबा होते, कुदळ टाकून एकदम थांबायचे आणि म्हणायचे, "हितं पोकळ लागतंय, ब्रश आणा." आणि तिथे खड्डा असायचा. तू मावशींच्या शेजारी बस, त्यांना विचार, "मावशी, तुम्हाला कशावरून कळलं?" पहिल्यांदा त्या म्हणतील काय सांगू बाई, कळतं. मग परत विचार, त्यांचा हात धरून ती जागा दाखवायला सांग, दोन जागची माती चिमटीत घेऊन चोळून बघ. चुलीच्या बाजूची भाजलेली माती, राखेची माती, शेणाने सारवलेली जमीन, यातलं तुला एमएच्या पुस्तकात जेवढं मिळणार नाही तेवढं त्या एका दुपारी सांगतील. आणि हे वहीत लिही, त्यांच्या नावासकट. "भिंतीची कड अमुक बाईंनी ओळखली" असं. माझं हे जुनं दुखणं आहे, आपल्या अहवालांमध्ये फोटो असतात, आभार असतात, पण ज्यांच्या हातांनी साइट उघडली त्यांची नावं शोधायला गेलं तर "मजुरांचे सहकार्य लाभले" यापलीकडे बहुतेक वेळा काही मिळत नाही. तुझ्या पिढीने तरी हे बदलावं असं मला फार मनापासून वाटतं, आणि ते वहीपासूनच सुरू होतं.

दुपारचा डबा पण त्यांच्याबरोबर खा. गावात काय बोलतात ते कळतं. पांढरीवर खोदकाम सुरू झालं की गावात सोन्याच्या हंड्याची चर्चा सुरू होतेच, आणि त्यात तुम्ही कुणी मणी किंवा नाणं मिळालं म्हणून फोटो स्टेटसला टाकलात तर रात्री कुणीतरी कुदळ घेऊन येईल आणि तुमचं महिनाभराचं काम एका रात्रीत उद्ध्वस्त होईल. हे खरोखर होतं. सरांच्या परवानगीशिवाय एकही फोटो कुठेही टाकायचा नाही. आणि एखादी छोटीशी खापरी आठवण म्हणून पर्समध्ये, ते पण नाही. उत्खनन परवान्यावर चालतं, तिथली एकूण एक वस्तू नोंदीवर असते, ती आपली नसते.

आईबद्दल. आई रागाने बोलत नाहीये गं, तिला काळजी वाटतेय. मुलगी उन्हात तंबूत राहते, हाताला घट्टे पडलेत, आणि यातून पुढे काय हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तू तिला करिअरवर लेक्चर देऊ नकोस. तिला इनामगावची एक गोष्ट सांग. तिथे लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांमध्ये, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरायचे. बाहेर कुठे लांब नाही, ज्या घरात आई स्वयंपाक करते, झोपते, त्याच घराच्या जमिनीत. तीन हजार वर्षांपूर्वी. हे आपल्याला कळलं कारण कुणीतरी तुझ्यासारखंच गुडघ्यावर बसून, बांबूच्या काडीने आणि ब्रशने, घाई न करता ती मडकी उघडली. एवढं सांग आणि मग बघ ती काय म्हणते. आणि शक्य झालं तर तिला एक दिवस साइटवर बोलाव, बऱ्याच कॅम्पवर गावातली शाळा, पालक यांना दाखवतात, सरांना विचार. आई-वडिलांनी एकदा ट्रेंच बघितला की माती उपसणे हा शब्द परत येत नाही.

पण आईच्या प्रश्नातला पोटापाण्याचा भाग खरा आहे आणि त्याला मी उडवून लावणार नाही. या विषयात नोकऱ्या कमी आहेत. केंद्राचं पुरातत्त्व सर्वेक्षण आहे, राज्याचं पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, म्युझियम्स आहेत, नेट देऊन शिकवायला जाता येतं, ग्रेटर नोएडाला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, तो फील्डवर काम करायचं असेल तर खूप उपयोगी पडतो. जागा निघायला वेळ लागतो, वाट बघावी लागते. एमपीएससीचा अभ्यास करायचा असेल तर एमए करता करता कर, त्यात काही विरोध नाही, इतिहास तर तुझा होऊनच जाईल. पण त्यासाठी चालू कॅम्प अर्धा टाकून पळायची गरज नाही, क्लास दीड महिन्याने पण लागतो.

थोडं रोजच्या सोयींबद्दल, कारण पत्रात तू लिहिलं नाहीस पण मुलींचं अर्धं रडू त्यातलं असतं हे मला माहीत आहे. पाळीच्या दिवसांत यार्डातलं किंवा ड्रॉइंगचं काम मागून घे, सरळ मॅडमना सांग, मॅडम नसतील तर सीनियर मुलीला सांग, लाजू नकोस. साइटवर टॉयलेटची सोय नीट नसेल तर सगळ्या मुलींनी मिळून जाऊन सांगा, पाणी कमी पिऊन दिवस काढू नका, त्याने इन्फेक्शन होतं आणि ऊन पण लागतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी आणि त्यावर ओढणी, बूट घालायचे, चप्पल नाही. गुडघ्याखाली पोत्याची घडी घे. सकाळी ताडपत्री उचलताना आधी एका कडेने काठीने उचल आणि थांब, रात्री गारव्याला विंचू, साप येऊन बसलेले असतात. आणि लाल पेन वेगळं आणि रोज उठून अपमान करणं, नको तसं बोलणं किंवा अंगचटीला येणं वेगळं. तसं काही असेल तर ते शिक्षण म्हणून सहन करायचं नाही, कॉलेजमध्ये अंतर्गत तक्रार समिती असते, तिथे लेखी द्यायचं. तेव्हा मात्र मी तुला कॅम्पवर थांब म्हणणार नाही.

तर उद्यासाठी एवढं कर. सकाळी लवकर सेक्शनसमोर. मग त्या खड्ड्यांपैकी एक खड्डा निवड, कुठलाही, आणि सरांकडे जाऊन सांग की सर, या खड्ड्याचं सगळं मी करते, प्लॅन, सेक्शन, फोटो, आतली माती चाळणं, आणि शक्य असेल तर थोडी माती फ्लोटेशनला पण. फ्लोटेशन म्हणजे माती पाण्यात सोडायची आणि वर तरंगणारे जळके दाणे गोळा करायचे, एवढ्याशा काळ्या दाण्यावरून ज्वारी-बाजरी-कुळीथ काय खात होते ते कळतं. आणि लाल पेनाची वही घेऊन त्यांच्यासमोर बस, प्रत्येक खुणेचा अर्थ विचार. जे सर वही लाल करतात ते विचारलं की तासभर समजावतात, हे मी कितीदा बघितलंय.

हे सगळं करूनही कॅम्प संपताना तुला वाटलं की उन्हात उकिडवं बसणं माझं नाही, तर त्यातही काही बिघडत नाही. शिलालेख आहेत, नाणी आहेत, म्युझियम आहे, प्रयोगशाळेत हाडांवर आणि बियांवर काम करणारे लोक आहेत, ते पण पुरातत्त्वच आहे, आणि ज्याने एकदा ट्रेंच केलाय तो तिथे जास्त चांगलं काम करतो. फक्त तो निर्णय कॅम्प संपल्यावर, घरी जाऊन दोन दिवस पोटभर झोपून मग घे. दिवसभर दमून रात्री आईचा फोन ठेवल्या ठेवल्या नको.